हार्टफर्डच्या मैदानावरचा लुईस

अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या अनेकांच्या कानावर लू गेरिग हे नाव प्रथम येते ते एका दुर्धर आजाराच्या संदर्भात. स्नायूंवर हुकमत ठेवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी करणारा एएलएस हा विकार या देशात आजही लू गेरिगचा आजार म्हणून ओळखला जातो. बेसबॉलशी थोडाफार परिचय झालेल्यांना त्याचे दुसरे रूप ठाऊक असते. न्यूयॉर्क यांकीजकडून सलग २१३० सामने खेळणारा, एकही दिवस न चुकवणारा पोलादी पुरुष ते हा. या दोन्ही प्रतिमांच्या आड एक तिसरा लू उभा आहे. तो अठरा वर्षांचा आहे, दुसऱ्याच आडनावाने खेळतो आहे आणि आपले गुपित कुणाला कळू नये म्हणून धास्तावलेला आहे. हार्टफर्डच्या मैदानावरच्या त्या मुलाची ही हकिकत आहे.

जर्मन वस्तीतले घर

लू गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील यॉर्कव्हिल या वस्तीत झाला. ही वस्ती तेव्हा जर्मन स्थलांतरितांची होती. वडील हाइनरिश धातूकाम करणारे कारागीर होते. आजारपणामुळे त्यांच्या हाताला काम असे, नसे. संसाराचा खरा भार आई ख्रिस्तिनाच्या खांद्यावर होता. लोकांचे कपडे धुणे, इस्त्री करणे, परक्या घरी स्वयंपाक करणे अशी मिळतील ती कामे ती करी. तिची चार मुले झाली, परंतु जगला तो एकटा लू. उरलेल्या तिन्ही मुलांना तिने बालपणीच गमावले होते. त्यामुळे तिचे सारे आयुष्य या एका मुलाभोवती गुंफले गेले.

घरात जर्मन भाषा बोलली जाई. लू इंग्रजी शिकला तो घराबाहेर. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन आडनाव असणे ही न्यूयॉर्कमध्ये सुखाची गोष्ट नव्हती. अंगापिंडाने दणकट, पण स्वभावाने कमालीचा बुजरा असा हा मुलगा आईने धुतलेल्या कपड्यांची गाठोडी घरोघरी पोहोचवी आणि उरलेल्या वेळात चेंडूशी खेळे. खेळाने पोट भरते यावर आईचा विश्वास नव्हता. मुलाने शिकावे, इंजिनिअर व्हावे आणि आपल्याला जे भोगावे लागले ते त्याच्या वाट्याला येऊ नये, अशी तिची इच्छा होती. परदेशात पाय रोवू पाहणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला ही इच्छा अनोळखी वाटणार नाही.

लूच्या नावाचा पहिला गाजावाजा झाला तो १९२० मध्ये. तो शिकत असलेल्या हायस्कूल ऑफ कॉमर्सचा संघ न्यूयॉर्क शहराचा प्रतिनिधी म्हणून शिकागोला लेन टेक या शाळेविरुद्ध खेळण्यास गेला. २६ जून रोजी हा सामना शिकागो कब्जच्या मैदानावर झाला. पुढे हेच मैदान रिगली फील्ड या नावाने प्रसिद्धीस आले. नवव्या डावात तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे असताना लूने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि कॉमर्सने सामना १२-६ असा जिंकला. सतरावे वर्ष पूर्ण होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. वर्तमानपत्रांनी त्याची तुलना बेब रूथशी केली. आईला मात्र मुलगा सुखरूप घरी परतला याचेच समाधान अधिक होते.

एका उन्हाळ्याची चूक

हायस्कूलनंतर लूला कोलंबिया विद्यापीठात प्रवेश मिळाला. तो मिळवून देण्यात फुटबॉलमधील नैपुण्याचा हात मोठा होता. ख्रिस्तिना त्या विद्यापीठातील एका विद्यार्थी वसतिगृहात स्वयंपाक आणि घरकाम पाहत असे. जिथे आई इतरांच्या मुलांची ताटे भरीत होती, तिथेच आता तिचा मुलगा विद्यार्थी म्हणून वावरणार होता. तिच्या दृष्टीने याहून मोठे यश नव्हते.

परंतु १९२१ च्या उन्हाळ्यात, कॉलेजचे पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी, लूच्या हातून एक चूक घडली. न्यूयॉर्क जायंट्स या बलाढ्य संघाचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांच्यासमोर त्याने चाचणी दिली. मॅग्रॉ हे बेसबॉलमधले मोठे प्रस्थ होते, तितकेच तापट आणि उतावळेही. मुलाच्या फटक्यात ताकद असली तरी क्षेत्ररक्षणातला त्याचा अवघडलेपणा त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला जवळ केले नाही. यानंतर लू कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड सेनेटर्स या संघात दाखल झाला. आपले खरे नाव लपवून त्याने लुईस हे आडनाव धारण केले. हा सल्ला मॅग्रॉ यांनीच दिला होता, असे पुढे सांगितले गेले.

नाव लपवण्याचे कारण सरळ होते. कॉलेजच्या संघातून खेळणारा विद्यार्थी हौशी असला पाहिजे, खेळण्याबद्दल त्याने पैसे घेतलेले असता कामा नये, असा त्या काळचा कडक दंडक होता. दुसरीकडे, उन्हाळ्याच्या सुटीत टोपणनावाने खेळून चार पैसे मिळवणारे कॉलेजकुमारही कमी नव्हते. घरची ओढगस्त पाहता लूला मिळकतीचा मोह पडला असेल तर नवल नव्हे. या व्यवहाराचे परिणाम त्याला पुरते समजले होते की नाही, याविषयी त्याचे चरित्रकार साशंक आहेत.

लुईस या नावाने तो हार्टफर्डकडून १२ सामने खेळला. ४६ प्रयत्नांत त्याचे १२ फटके यशस्वी ठरले. म्हणजे सरासरी ०.२६१. होम रन एकही नाही. बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा यशस्वी ठरणारा फलंदाज उत्तम गणला जातो, या हिशेबाने ही कामगिरी अठरा वर्षांच्या मुलासाठी वाईट नव्हती. पण डोळ्यांत भरावी अशीही नव्हती. तेवढ्यात बिंग फुटले. कोलंबियाचे बेसबॉल प्रशिक्षक अँडी कोकली यांना बातमी लागली आणि लूला हार्टफर्डहून माघारी यावे लागले.

कोकली यांच्याकडून त्याला कठोर वागणूक मिळाली असती तर ते नियमाला धरूनच झाले असते. परंतु योगायोग असा की, कोकली स्वतःही तारुण्यात याच वाटेने गेले होते. होली क्रॉस कॉलेजात शिकत असताना १९०२ मध्ये ते फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघाकडून मॅकॅलिस्टर या खोट्या नावाने खेळले होते. त्यांनी प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या प्रशिक्षकांशी संपर्क साधला आणि मुलाच्या अजाणतेपणाकडे लक्ष वेधून सौम्य शिक्षेची विनंती केली. ती मान्य झाली. लूला कायमचे बाद न ठरवता केवळ पहिले वर्ष आंतरमहाविद्यालयीन खेळांपासून दूर ठेवण्यात आले. त्या वर्षभरात तो वर्गात बसला, वसतिगृहात आईला मदत करीत राहिला आणि इतर मुले खेळताना पाहत राहिला.

कोलंबियाचा नायक

शिक्षा संपल्यावर १९२२ च्या शरद ऋतूत तो फुटबॉलच्या मैदानावर उतरला आणि १९२३ च्या वसंतात बेसबॉलच्या. तो एकच हंगाम कोलंबियाच्या इतिहासात त्याचे नाव कोरून गेला. त्याची सरासरी ०.४४४ इतकी झाली आणि त्याने ७ होम रन मारले. शिवाय तो पिचर म्हणून चेंडूही टाकीत असे. १८ एप्रिल १९२३ रोजी विल्यम्स कॉलेजविरुद्ध त्याने १७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, तरीही कोलंबियाला तो सामना गमवावा लागला. त्याच दिवशी, त्याच शहरात, हार्लेम नदीपलीकडे ब्राँक्समध्ये यांकी स्टेडियमचे उद्घाटन होत होते आणि वर्तमानपत्रांचे सारे लक्ष तिकडे लागले होते.

थोड्याच दिवसांनी यांकीजसाठी गुणी खेळाडूंचा शोध घेत फिरणारे पॉल क्रिचेल हे रटगर्स विद्यापीठाविरुद्धचा कोलंबियाचा सामना पाहायला गेले. लूची फलंदाजी पाहून, आपल्याला दुसरा रूथ सापडला अशी त्यांची खात्री पटली. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध लूने कोलंबियाच्या आवारातील साउथ फील्डवरून मारलेला प्रचंड फटका पाहिल्यावर त्यांच्या मनात शंका उरली नाही.

यांकीजने करारापोटी १५०० डॉलर देऊ केले. आई-वडील दोघांचीही प्रकृती त्या सुमारास ढासळली होती आणि औषधोपचारांची देणी डोक्यावर होती. ख्रिस्तिनाने पाहिलेल्या इंजिनिअरच्या स्वप्नाला अजून दोन वर्षांची वाट होती, आणि ही रक्कम समोर होती. लूने सही केली. कॉलेज सुटले. आईला या निर्णयाने दुःख झाले, परंतु घरातली परिस्थिती तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? पुढे हीच आई मुलाच्या खेळाची सर्वांत मोठी चाहती झाली, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा हार्टफर्ड

१५ जून १९२३ रोजी, विसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, लू यांकीजकडून प्रथम मैदानात उतरला. मात्र त्याची जागा होती फर्स्ट बेसवर, आणि तिथे वॉली पिप हा अनुभवी खेळाडू होता. १९१६ आणि १९१७ अशी सलग दोन वर्षे पिपने अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले होते. त्याला हलवण्याचे काही कारण नव्हते. यांकीजचे व्यवस्थापक मिलर हगिन्स हे ठेंगणे, काटकुळे आणि कायद्याची पदवी घेतलेले गृहस्थ होते. बाकावर बसून या मुलाची वाढ होणार नाही, त्याला रोज खेळायला मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी त्याला मायनर लीगमध्ये धाडले. संघ होता हार्टफर्ड सेनेटर्स.

मायनर लीगची तेव्हाची व्यवस्था आजच्याहून निराळी होती. आज प्रत्येक मायनर लीग संघ कुठल्या ना कुठल्या मोठ्या संघाशी बांधलेला असतो. १९२० च्या दशकात बहुतेक छोटे संघ स्थानिक मालकांचे आणि स्वतंत्र होते. मोठे संघ त्यांच्याकडून खेळाडू विकत घेत, किंवा आपले कच्चे खेळाडू तयार होण्यासाठी त्यांच्याकडे सोपवीत. ईस्टर्न लीगमध्ये हार्टफर्डबरोबर न्यू हेवन, ब्रिजपोर्ट, वॉटरबरी, स्प्रिंगफील्ड, वुस्टर, पिट्सफील्ड, ऑल्बनी अशी न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क राज्यातील कारखानदारीची गावे होती. एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास, साधी खानावळ, दुपारी सामना आणि पुन्हा प्रवास, असे तिथले जीवन होते. वर जाण्याची आशा बाळगणारी पोरे आणि वरून खाली उतरलेले जुने खेळाडू एकाच संघात नांदत.

लूच्या वाट्याला आलेले हे गाव त्याच्या परिचयाचे होते, पण ती ओळख सुखाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर तो खोट्या नावाने उभा राहिला होता आणि इथूनच त्याला मान खाली घालून परतावे लागले होते. आता तो खऱ्या नावाने आला, परंतु यांकीजने आपल्याला परत पाठवले याचा अर्थ त्याने नकार असा लावला. घरापासून दूर राहण्याची त्याला सवय नव्हती. सुरुवातीच्या सामन्यांत त्याची बॅट मुकी राहिली. एकेक अपयश तो मनाला लावून घेई, त्या निराशेत पुढचा चेंडूही चुके आणि खंत अधिकच वाढे. कॉलेज सोडले आणि इथेही जमत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या मुलाने खेळच सोडून देण्याचा विचार केला, असे त्याच्या चरित्रांत आढळते.

ही वार्ता न्यूयॉर्कला पोहोचली आणि यांकीजने क्रिचेल यांना हार्टफर्डला पाठवले. या मुलाला शोधून काढणाऱ्या माणसाने त्याला जवळ बसवून धीर दिला. जगातले उत्तमातले उत्तम फलंदाजही दहांपैकी सहा-सात वेळा अपयशी ठरतात, हे या खेळाचे साधे गणित त्याला उमजवून देणे आवश्यक होते. हार्टफर्डचे व्यवस्थापक पॅडी ओकॉनर यांनीही त्याला संघाबाहेर बसवले नाही. ते त्याला रोज खेळवत राहिले. परिपूर्णतेचा ध्यास लागलेल्या त्या तरुणाला अपयश पचवण्याची ही शिकवण मिळाली आणि त्याचा हात मोकळा झाला. त्या हंगामातील ५९ सामन्यांत त्याने तब्बल २४ होम रन मारले आणि त्याची सरासरी ०.३०४ वर गेली.

सप्टेंबरअखेर यांकीजने त्याला परत बोलावले. पिप जायबंदी झाला होता आणि वर्ल्ड सिरीज तोंडावर होती. नियमानुसार लूचे नाव संघात उशिरा आल्याने तो या मालिकेसाठी पात्र नव्हता. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी प्रतिस्पर्धी संघाची संमती असेल तर आपली हरकत नाही, असा निर्णय दिला. प्रतिस्पर्धी संघ होता न्यूयॉर्क जायंट्स आणि त्याचे व्यवस्थापक होते जॉन मॅग्रॉ. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलाकडे त्यांनी पाठ फिरवली होती, त्याला खेळू देण्यास त्यांनी आता साफ नकार दिला. त्या नकारात, लू ओळखू शकला असता तर, एक प्रशस्तिपत्रही दडलेले होते. पिप दुखणे बांधून खेळला आणि यांकीजने मालिका जिंकली.

एक पूर्ण वर्ष

१९२४ च्या वसंतात यांकीजचा सराव न्यू ऑर्लीन्सला होता. सरावाच्या दिवसांत खेळाडूंना पगार मिळत नसे. तो हंगाम सुरू झाल्यावरच मिळे. लूजवळ इतके थोडे पैसे होते की, तो त्या शहरात फावल्या वेळचे काम शोधत हिंडला, अशी आठवण सांगितली जाते. हगिन्स यांना हे कळले आणि त्यांनी त्याला काही रक्कम उचल दिली. हंगाम सुरू झाल्यावर हगिन्स यांनी त्याला पुन्हा हार्टफर्डला पाठवले. या वेळी मात्र लूने त्याचा अर्थ नकार असा घेतला नाही.

ते वर्ष त्याच्या घडणीचे ठरले. फर्स्ट बेसवरचा त्याचा खेळ अजून ओबडधोबड होता. पाय कुठे ठेवावा, घसटत येणारा चेंडू कसा अडवावा, बेसपासून किती दूर उभे राहावे, या गोष्टी उपजत बुद्धीने येत नाहीत. शेकडो वेळा चुकूनच त्या अंगवळणी पडतात. हार्टफर्डने त्याला चुकण्याची मुभा आणि पुन्हा करून पाहण्याची संधी दिली. त्या हंगामात तो १३४ सामने खेळला. त्याची सरासरी ०.३६९ झाली आणि होम रनची संख्या ३७ वर गेली. १९२१ चे ते बारा सामने धरून हार्टफर्डकडून तो एकूण २०५ सामने खेळला आणि त्याचे होम रन झाले ६१. मायनर लीगमध्ये तो अन्य कुठल्याही संघाकडून कधीच खेळला नाही.

पुढची कथा सर्वज्ञात आहे. १ जून १९२५ रोजी यांकीजने त्याला दुसऱ्या खेळाडूच्या बदली फलंदाजीला पाठवले. २ जून रोजी, संघ सतत हरत असताना, हगिन्स यांनी काही जुन्या खेळाडूंना बसवले. त्यांत पिपही होता, आणि फर्स्ट बेस लूकडे आला. पिपच्या डोकेदुखीची जी गोष्ट सांगितली जाते ती बरीचशी आख्यायिका आहे. तिथपासून जवळजवळ चौदा वर्षे लू गेरिगने एकही सामना चुकवला नाही. मोडलेली बोटे, पाठीची दुखणी, ताप, कशानेही त्याला थांबवले नाही. ४९३ होम रन आणि ०.३४० ची कारकिर्दीची सरासरी ही त्या चिकाटीची जमा. त्याचा सलग सामन्यांचा विक्रम १९९५ पर्यंत, कॅल रिपकेनने मोडेपर्यंत, अबाधित राहिला.

१९३९ च्या वसंतात त्याचे शरीर त्याचे ऐकेनासे झाले. २ मे रोजी डेट्रॉइटला त्याने स्वतःहून व्यवस्थापकांना सांगून आपले नाव यादीतून काढायला लावले. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निदान केले. ४ जुलैला यांकी स्टेडियममध्ये हजारोंच्या उपस्थितीत त्याने निरोप घेतला.

त्यानंतर त्याने पत्करलेले काम फारसे ठाऊक नसते. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला शहराच्या पॅरोल आयोगावर नेमले. १९४० च्या आरंभापासून, हातपाय साथ देत होते तोवर, तो नियमाने कार्यालयात जाई, कैद्यांची प्रकरणे वाची आणि कुणाला मुदतीआधी सोडावे याचा निर्णय घेण्यात सहभागी होई. त्याच्यासमोर येणाऱ्यांत उमेदीच्या वयात पाय घसरलेली गरीब घरची मुलेही असत. कुणाची चूक कायमची धरून ठेवायची आणि कुणाला एका वर्षाच्या शिक्षेनंतर पुन्हा उभे राहू द्यायचे, हा प्रश्न त्याला केवळ कागदावरून ठाऊक नव्हता. अठराव्या वर्षी तो स्वतः त्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि कोकली यांनी त्याची बाजू घेतली होती.

२ जून १९४१ रोजी, फर्स्ट बेसवर पहिल्यांदा हक्काने उभा राहिल्याला बरोबर सोळा वर्षे झाली त्या दिवशी, लू गेरिगचे निधन झाले. त्याला अडतिसावे वर्षही पूर्ण करता आले नाही. उरलेले एकमेव अपत्यही आई-वडिलांच्या आधी गेले. ख्रिस्तिना त्यानंतर आणखी तेरा वर्षे जगली.

हार्टफर्ड आज विमा कंपन्यांचे शहर म्हणून ओळखले जाते आणि नोकरीनिमित्त तिथे येणाऱ्यांत भारतीयही आहेत. सेनेटर्सचे ते मैदान आता उरलेले नाही. परंतु जुन्या धावपत्रिकांच्या नोंदींत १९२१ च्या उन्हाळ्यातले बारा सामने अद्याप आहेत, आणि त्यांत लुईस या आडनावाचा तो मुलगाही.